पैनगंगेच्या काठी आपले स्वागत



वन्यप्राण्यांतील परजीवी या विषयावरची परिषद मेहकरसारख्या तालुक्याच्या गावी भरते आहे, हा आमच्या गावाचा मोठा मान आहे. स्वागत समितीच्या आणि समस्त गावकऱ्यांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. मी आयुष्यभर वकिली केली. विषयातले बारकावे आपण मांडाल, मला गावाविषयी थोडे बोलू द्या. स्वागताध्यक्षाचा तेवढा हक्क आपण मान्य कराल.

पैनगंगेच्या काठचे हे गाव फार जुने. अकबराच्या काळी मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठाणे होते. ‘ऐन-ए-अकबरी’त तशी नोंद आहे. कंचनीचा महाल आपण सवडीने पाहावा. त्याच्या माथ्यावरून लोणारच्या देवळातला दिवा दिसावा अशी कंचनीची इच्छा होती, असे इथली जुनी माणसे सांगतात. शारंगधर बालाजीचे दर्शन घेतल्याशिवाय तर कोणी परत जाऊ नये. १८८८ साली जमिनीतून निघालेली ही काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती साहेबाच्या देशी जाण्याआधी गावाने घाईने प्रतिष्ठापना करून राखली, ही कथा आमच्या प्रत्येक घरात सांगितली जाते. शेजारच्या हिवरा आश्रमात शुकदास महाराजांनी उभे केलेले विवेकानंद आश्रमाचे कार्य आहे. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात तिथे पुरी-वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद लाखो लोक शिस्तीने पंगतीत बसून घेतात.

आणि ज्यांचे नाव घेताना मेहकरच्या माणसाचा ऊर भरून येतो, ते कविवर्य ना. घ. देशपांडे. १९०९ साली जन्मलेला हा कवी याच गावात वकिली करत राहिला. ‘शीळ’ ही त्यांची कविता जी. एन. जोशींच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि मराठी भावगीताची वाट मोकळी झाली. गाणे घरोघरी पोचले. पण ते लिहिणारा मेहकरच्या कोर्टात अशिलांची कागदपत्रे वाचत बसलेला असे, हे किती जणांना ठाऊक होते? ‘शीळ’ हा संग्रह १९५४ साली निघाला. ‘खूणगाठी’साठी १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार आला, तेव्हाही ना. घ. मेहकरचेच राहिले. मुंबई-पुण्याला गेले असते तर अधिक नाव झाले असते, असे लोक म्हणत. त्यांनी गाव सोडले नाही. २००० साली ते गेले. त्यांच्या कवितेतले रान याच मुलखाचे आहे, आणि त्या रानातल्या जिवांची चिंता करायला आपण आला आहात. आपल्या परिषदेशी या गावाचे एवढे नाते मला पुरेसे वाटते.

बुलढाणा जिल्ह्याकडे रानाचे धन मोठे आहे. लोणार सरोवराला २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सातपुड्याच्या पायथ्याशी अंबाबरवा आहे, आणि बुलढाणा-खामगावच्या मध्ये बिबट्या-अस्वलांचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. याच ज्ञानगंगेत २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ येऊन पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्याने त्याची वाट कळली: शेते, गावे, रस्ते ओलांडत १३०० किलोमीटरहून अधिक चाल. ज्या वाटेने वाघ आला, त्या वाटेवर आमचे गोठे आहेत, पाणवठे आहेत आणि मोकाट कुत्री आहेत. परजीवींचा प्रश्न तिथेच सुरू होतो, हे या परिषदेची तयारी करताना मला आपल्यापैकी जाणत्यांनी समजावले.

हा प्रश्न माणसापर्यंतही पोचतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात २००४ साली ‘सुर्रा’ रोगाचे ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हे परजीवी सापडले. चावऱ्या माशा हा रोग गुराढोरांत आणि घोड्या-उंटांत पसरवतात. माणसात तो निश्चितपणे आढळल्याची जगातली ती पहिली नोंद ठरली. याच रोगाने २००० साली ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात डझनभर वाघ दगावले. गीरमध्ये २०१८ साली सिंह मेले, तेव्हा विषाणूच्या जोडीला गोचिडांतून पसरणारा बॅबेसिया हा परजीवीही होता. २०२३ मध्ये कुनोच्या चित्त्यांना कॉलरखालच्या जखमांत अळ्या पडून जंतुसंसर्ग झाला. गोचीड आणि माशी अभयारण्याची हद्द ओळखत नाहीत. म्हणून वाघाचे रक्षण आमच्या गोठ्यापासून सुरू व्हायला हवे, असे माझे प्रामाणिक मत झाले आहे.

हे अशक्य नाही. या सभागृहातल्या ज्येष्ठांना पिण्याच्या पाण्यातून होणारा नारूचा जंत आठवत असेल. महाराष्ट्र नारूग्रस्त राज्यांपैकी एक होता. पाणी फडक्याने गाळून प्या, पायऱ्यांच्या विहिरीत उतरू नका, एवढे साधे सांगणे घरोघरी पोचले. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. आज आफ्रिकेतील चाडमध्ये तोच नारू कुत्र्यांत टिकून राहिल्यामुळे तिथले निर्मूलनाचे काम अडले आहे. माणूस आणि जनावर यांचा विचार वेगळा करून चालत नाही, हा त्याचा धडा आहे.

आता व्यवस्थेविषयी. आपल्या मुक्कामाची सोय मंगल कार्यालयात आणि गावकऱ्यांच्या घरी केली आहे. मोठ्या शहरातल्या सोयी इथे नाहीत, याची आम्हाला जाणीव आहे. थंडीचे दिवस आहेत. सकाळी गरम पाण्यासाठी थोडे थांबावे लागेल, त्याबद्दल क्षमस्व. वीज गेली तर जनरेटर तयार आहे, पण तो सुरू होईपर्यंत पडद्यावरची चित्रे काही क्षण थांबतील. पोस्टरांसाठी मंडप अपुरा पडला, म्हणून निम्मी पोस्टरे शाळेच्या व्हरांड्यात लावली आहेत. ती पाहायला कृपया जरूर जावे. जेवण वऱ्हाडी आहे: भाकरी, वांग्याचे भरीत, ठेचा. ज्यांना तिखट चालत नाही त्यांच्यासाठी वरण-भात वेगळा ठेवला आहे. कुठे उणे पडले तर स्वयंसेवकांना निःसंकोच सांगावे. ही मुले रात्री उशिरापर्यंत जागली आहेत.

ज्यांनी हे उभे केले त्यांचे ऋण मोठे आहे. जिनिंगवाल्यांनी मंडप दिला, किराणा व्यापाऱ्यांनी धान्य दिले, औषध विक्रेत्यांनी पिण्याच्या पाण्याचा भार उचलला. दूध संकलन केंद्राने तीन दिवसांचे दूध दिले. जीपमालकांनी लोणारला ये-जा करण्यासाठी गाड्या विनामूल्य दिल्या. महिला बचत गटांनी भाकरीचे काम अंगावर घेतले. शाळेने वर्ग रिकामे केले. नगरपालिकेच्या सफाई कामगारांनी रस्ते झाडून लख्ख केले. आणि गावाबाहेरच्या पालावरच्या मेंढपाळांनी आपल्या मेंढ्यांची तपासणी विद्यार्थ्यांना करू दिली, त्यांचे मी विशेष आभार मानतो. या विषयाचे खरे यजमान तेच आहेत.

एक विनंती करून थांबतो. आपले ठराव इंग्रजीत होतील, ते व्हावेत. पण जाण्यापूर्वी एक पानभर मजकूर मराठीत लिहून द्या: जनावरांना जंताचे औषध केव्हा पाजावे, गोचीड कसे आटोक्यात ठेवावेत, कोणती औषधे शेणातून उतरून शेणकिड्यांना मारतात, मेलेले जनावर कुठे टाकू नये. ते पान छापून ज्ञानगंगा, अंबाबरवा आणि लोणारभोवतीच्या प्रत्येक गावात पोचवण्याचा खर्च स्वागत समिती करील; देणगीदारांची संमती मी आधीच घेतली आहे.

 अध्यक्षमहोदयांनी परिषदेचे कामकाज सुरू करावे, अशी मी नम्र विनंती करतो.