परिचारिकेचा सन्मान कोणी करावा?

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी शालान्त परीक्षेत चमकलेल्या मुलामुलींचे कौतुक करतो, नव्या पदवीधरांच्या खांद्यावर शाल घालतो, सेवानिवृत्तांच्या हाती श्रीफळ देतो. यंदाच्या गुणगौरवाच्या यादीत एका परिचारिकेचेही नाव आहे. ते औचित्य साधून ‘रुग्णालये आपल्या परिचारिकांचा गौरव कसा करतात’ या विषयावर बोलण्याची आज्ञा कार्यवाहांनी आम्हांस केली. विषय वैद्यकाच्या क्षेत्रातला आणि आमचा हात खडूचा. परंतु सन्मान केला कसा जातो आणि ज्याचा करावयाचा त्याच्या अंतःकरणापर्यंत तो पोहोचतो की नाही, हे शिक्षकास थोडेबहुत कळते. तेवढ्याच अधिकाराने आम्ही बोलू.

दरवर्षी १२ मे रोजी बहुतेक रुग्णालयांत परिचारिका दिन साजरा होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १८२० साली याच तिथीस इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत झाला. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषद १९६५ पासून हा दिन पाळीत आली आणि १९७४ साली १२ मे हा दिवस कायमचा ठरला. त्या दिवशी सभागृहात दीपप्रज्वलन होते, विद्यार्थिनी शपथ घेतात, गुलाबाचे फूल मिळते, अधीक्षकांचे भाषण होते आणि अल्पोपाहारानंतर सर्वजणी आपापल्या कक्षात परततात. येथे जाता जाता दोन गोष्टी सांगावयास हव्यात, कारण शिक्षकाची खोड सहजी जात नाही. जिला ‘नाइटिंगेल शपथ’ म्हणतात ती बाईंनी रचलेली नाही. ती १८९३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने तयार झाली. आणि चित्रांतून त्यांच्या हाती जो निरांजनासारखा पसरट दिवा दिसतो तोही खरा नव्हे. युद्धकाळात स्कुटारीच्या इस्पितळात रात्री फिरताना त्यांच्या हाती असे तो तुर्की धर्तीचा, घडी होणारा कंदील. समारंभांतून खरी माणसे थोडी थोडी कशी पुसली जातात, याचाच हा मासला.

सरकारी सन्मानही आहेत. भारत सरकारने १९७३ साली राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार सुरू केला. राष्ट्रपतींच्या हस्ते पदक, प्रशस्तिपत्र आणि आता एक लक्ष रुपये दिले जातात. पुरस्कार मोठा खरा. पण साऱ्या देशातून तो मूठभर जणींस मिळणार. ज्या परिचारिकेने काल रात्री तुमच्या वडिलांची कूस बदलली तिच्यापर्यंत तो बहुधा पोहोचावयाचा नाही.

आम्ही शिक्षक ५ सप्टेंबरला गुलाबाचे फूल घेत आलो. फूल मिळे, आनंदही होई, नाही असे नाही. परंतु बावीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या विद्यार्थ्याचे पत्र यावे आणि त्यात ‘गुरुजी, तुम्ही मला अपूर्णांक फळ्यावर भाकरीचे तुकडे काढून शिकविले होते’ असे एक वाक्य असावे, याची बरोबरी कोणतेही फूल करू शकत नाही. फूल सर्वांना सारखे असते. ते वाक्य मात्र एकाच माणसाचे असते.

हीच गोष्ट ओळखून अमेरिकेतील एका कुटुंबाने परिचारिकांच्या सन्मानाची एक निराळी रीत घालून दिली. तिची हकिगत आम्ही सविस्तर सांगणार आहोत. १९९९ साली पॅट्रिक बार्न्स नावाचा ३३ वर्षांचा तरुण रुग्णालयात वारला. शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच रक्तातील, रक्त गोठविणाऱ्या कणांवर उलटावी असा त्याचा आजार होता. रुग्णालयात असताना त्याची अन्नावरची वासना उडाली होती. एके दिवशी वडिलांच्या हातातील दालचिनी घातलेल्या गोड पावाचा घास त्याने मागून घेतला आणि तो त्याला रुचला. तेव्हा त्याने सांगितले, ‘उद्या आणाल तेव्हा परिचारिकांसाठीही आणा.’ मुलगा वाचला नाही. पण वडील मार्क बार्न्स, त्यांच्या पत्नी बॉनी आणि घरची मंडळी शोक करीत बसली असता त्यांच्या मनात एकच गोष्ट पुनःपुन्हा येई. मुलाला शुद्ध नसतानाही परिचारिका त्याच्याशी किती मायेने वागल्या आणि घरच्यांना प्रत्येक गोष्ट समजावून सांगून त्यांनी किती धीर दिला! आपल्याकडे रोगी बरा झाला म्हणजे पेढे वाटतात. रोगी गेला तर रुग्णालयाचे नावही घरात घेत नाहीत. या कुटुंबाने रोगी गेल्यावर आभार मानले, हे आम्हांस विशेष वाटते.

त्यांनी ‘डेझी’ नावाची संस्था काढली. डेझी हे एक साधे रानफूल. इंग्रजीत त्या नावाच्या अक्षरांतून पॅट्रिकच्या रोगाच्या वर्गाचाही बोध होतो. तिच्या पुरस्काराची रीत अशी. रुग्ण, त्याचे आप्त किंवा सहकारी एखाद्या परिचारिकेने नेमके काय केले ते लिहून देतात. आलेल्या मजकुरांतून रुग्णालयाची समिती निवड करते. मग पूर्वसूचना न देता, ती परिचारिका काम करीत असते त्याच कक्षात, तिच्या सोबतिणींसमक्ष तो मजकूर मोठ्याने वाचला जातो. प्रमाणपत्राबरोबर तिला एक छोटे शिल्प मिळते. ते झिंबाब्वेतील शोना कारागीर दगडात कोरतात. त्या वेळी सर्वांना दालचिनीचे गोड पाव वाटतात, कारण पॅट्रिकने ते आणावयास सांगितले होते. आज ही प्रथा अनेक देशांतील हजारो रुग्णालयांत पसरली आहे. पैशाच्या दृष्टीने पाहिल्यास पुरस्कार काहीच नव्हे. त्याचे सारे वजन वाचल्या जाणाऱ्या त्या मजकुरात आहे.

मजकूर म्हणजे काय? ‘फार चांगली शुश्रूषा केली’ हा मजकूर नव्हे. आपल्याच मुंबईत याचा एक दाखला आहे आणि तो प्रत्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचा. परळच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर अमानुष हल्ला झाला आणि त्या अखेरपर्यंत पूर्ववत शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली ४१ वर्षे त्या रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. ती खाट मोकळी करवून घेण्याचा विचार झाला तेव्हा परिचारिकांनीच विरोध करून तो हाणून पाडला. पुढे पुढे तर त्यांची सेवा करणाऱ्या काही मुली त्या हल्ल्याच्या वेळी जन्मलेल्याही नव्हत्या. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने या परिचारिकांची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि नोंद काय केली? ३७ वर्षांत रुग्णाच्या अंगावर एकही शय्याव्रण झाले नाही! अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. त्या नियमाने दिवसास १२ वेळा, वर्षास ४,३८० वेळा; पुढचा गुणाकार श्रोत्यांनी घरी करावा. एका ‘एकही नाही’ या शब्दप्रयोगात केवढे श्रम साठले आहेत! कोणत्याही सन्मानचिन्हापेक्षा हे वाक्य आम्हांस थोर वाटते.

आता थोडे कटू बोलावे लागेल. २०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका व सुईणी यांचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी २२ मार्चला सायंकाळी पाच वाजता आपण सर्वांनी सज्जात उभे राहून थाळ्या वाजविल्या. त्यानंतर महिनाही लोटला नाही तोच देशात ठिकठिकाणी परिचारिकांना ‘घर खाली करा’ म्हणणारे घरमालक निघाले आणि आरोग्यसेवकांवरील हल्ले थांबविण्यासाठी सरकारला २२ एप्रिल रोजी वटहुकूम काढावा लागला. वेतनाचे सांगावे तर, खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांना किमान २०,००० रुपये तरी मिळावेत अशी शिफारस केंद्राच्या तज्ज्ञ समितीला २०१६ साली करावी लागली, यावरूनच काय ते समजावे. पोटाला पुरेसे न देता हातात फूल देणे हा सन्मान नव्हे, हे रुग्णालयांच्या चालकांस कोणी तरी सांगितले पाहिजे.

चालकांचे राहू द्या. आपण आपल्याकडे पाहू. रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातर्फे स्त्रियांना, त्यांतही विधवांना, परिचारिकेचे शिक्षण देण्याचा उद्योग आरंभिला त्यास शतक उलटून गेले. परक्याच्या देहाची सेवा करणे हलके, ही समजूत त्या वेळी आड येत होती. ती आज गेली आहे काय? आपल्या ज्ञातीतील वधूवरांच्या टिपणांत ‘मुलगी नोकरी करणारी चालेल’ असे लिहिणारी घरे पुष्कळ आहेत. मुलगी परिचारिका आहे असे कळताच मात्र ‘रात्रपाळी असते ना हो?’ असा हळूच प्रश्न येतो. आमच्या परिचयाच्या एका घरी आजोबांच्या मांडीचे हाड मोडले होते. तीन आठवडे एका मुलीने रात्रपाळीतच त्यांचे सर्व काही केले, आणि आजोबा तिला ‘माझी नात’ म्हणत. त्याच घराने पुढे दोन वर्षांनी एक उत्तम स्थळ केवळ मुलीच्या रात्रपाळीच्या कारणाने परत पाठविले. आम्ही त्या गृहस्थांस विचारले, ‘आजोबांची सेवा दिवसा झाली होती काय?’ ते हसले. उत्तर दिले नाही.

ज्या मुलीचा आज आपण गौरव करीत आहोत तिचे वडील या सभेत पुढच्याच रांगेत बसले आहेत. शाल तिला मिळेल. परंतु तिच्यासाठी आलेल्या स्थळांची वही कार्यालयात आहे, आणि तिच्यातील नकारांची पाने आम्ही पाहिली आहेत. टाळ्या वाजविताना ती पाने आपल्या सर्वांच्या लक्षात असावीत, एवढीच विनंती.

आता आमची सूचना. ज्या ज्या घरी गेल्या वर्षभरात कोणी रुग्णालयात होते त्या घराने एक पत्र लिहावे. रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या नावे लिहावे, परिचारिकेचे नाव लिहावे. नाव ठाऊक नसेल तर कक्ष, तारीख व पाळी लिहावी, म्हणजे तिचा शोध लागतो. ‘उत्तम’, ‘प्रेमळ’ ही विशेषणे शक्यतो टाळावीत. तिने काय केले ते लिहावे: पहाटे साडेतीनला पाणी पाजले, घाबरलेल्या आईला सलाईनची नळी कशासाठी ते सांगितले, मृत्यूनंतर डोळे मिटविले. पेशंट गेला असेल तरीही लिहावे. हे पत्र कक्षात सर्वांसमक्ष वाचून दाखवावे, अशी विनंती शेवटी करावी.

कार्यवाहांनी कागद आणि पाकिटे प्रवेशद्वाराजवळच्या मेजावर ठेवविली आहेत. ज्यांना लिहिण्याचा सराव नाही त्यांच्यासाठी आम्ही व आमचे दोन सहकारी भोजनोत्तर तेथेच बसणार आहोत. तुम्ही सांगावे, आम्ही लिहून घेऊ. टपालखर्च संस्थेच्या शिक्षणनिधीतून करण्यास अध्यक्षमहाराजांनी अनुमती द्यावी.