मधुमेहाची गोळी आणि रोग्याचा हक्क

पैनगंगेच्या दक्षिणतीरावरील आदिलाबाद जिल्ह्यात मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांतील एखाद्या मधुमेह्याने नागपुरास किंवा यवतमाळास घेतलेल्या गोळीने अपाय झाला, तर दाद कोठे मागावी? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. त्यान्वये तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेच तक्रार नेता येते. मुदत मात्र दोन वर्षांची.

तथापि प्रत्येक अपाय म्हणजे हयगय नव्हे. ग्लिबेनक्लामाइडने साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते, हे वैद्यकास ठाऊकच आहे. त्याची सूचना रोग्यास मिळाली होती काय, हा खरा प्रश्न. पायोग्लिटॅझोनची विक्री सरकारने जून २०१३ मध्ये थांबविली आणि पुढल्याच महिन्यात, मूत्राशयाच्या कर्करोगाचा इशारा छापण्याच्या अटीवर, पुन्हा खुली केली. इशाऱ्याला एवढे मोल! परंतु डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यावयाच्या औषधाबद्दल कारखानदाराने डॉक्टरला रीतसर सावध केले असेल, तर इशारा न दिल्याच्या आरोपातून तो सुटतो. ही पळवाट लहान नव्हे. मग चिठ्ठी लिहिणाऱ्यास जाब विचारावा लागतो.

सर्वांनाच मोफत उपचार देणारे सरकारी रुग्णालय मात्र ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले. तेथील रोग्यास दिवाणी न्यायालयाचीच वाट. स्त्रिया व आदिवासी यांना १९८७ च्या कायद्याने वकील विनामूल्य मिळतो.

पुरावा म्हणून पावती, चिठ्ठी आणि बॅच क्रमांक असलेले पाकीट लागते. ते पाकीट बहुधा गोळ्या संपताच चुलीत गेलेले असते.