दोन वर्षे न विकलेला नांगर



गेल्या महिन्यात माझा एक पुतण्या मजकडे आला होता. बेळगावच्या उद्यमबागेत त्याची लहानशी फौंड्री आहे. पंपांची कवचे, गिरणीचे सुटे भाग, असले ओतकाम तेथे होते. हातात वही होती, पण हिशेब दाखविण्याऐवजी तो बराच वेळ गप्प बसून राहिला. मग म्हणाला, "काका, एक मोठे गिऱ्हाईक आले आहे. वर्षाचे काम देतो म्हणतो. पण त्याच्या दरात चांगले लोखंड बसत नाही. भंगार जास्त घालावे लागेल. मी तसे सांगितले, तर म्हणाला, हमी बारा महिन्यांची आहे. तेराव्या महिन्यात फुटले तर तुमचे काय गेले?"

मी व्यापारी नाही. सारा जन्म शाळेत फळ्यापुढे गेला. त्यामुळे त्याला तत्काळ उत्तर देण्याचे धैर्य मला झाले नाही. त्याच्या हाताखाली अकरा माणसे आहेत आणि त्यांचा पगार दर महिन्याच्या सात तारखेस द्यावा लागतो. तत्त्वे सांगणाऱ्याला ती सात तारीख पाळावी लागत नसते, हे मला ठाऊक आहे. परंतु तो 'तेरावा महिना' माझ्या मनातून जाईना, आणि त्याबरोबर आमच्याच जिल्ह्यातील एका माणसाची आठवण पुनःपुन्हा येऊ लागली. आजचे भाषण त्या आठवणीतून निघाले आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत असे आढळले आणि रंगकाम सुटले. मग त्यांनी यंत्रांचे रेखाचित्रण हाती घेतले व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तो विषय शिकविण्याची नोकरी धरली. पुढे बढतीची पाळी आली तेव्हा ती दुसऱ्यास मिळाली, आणि लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावास आले. तेथे 1888 सालापासून त्यांचे व बंधू रामुअण्णांचे सायकलींचे दुकान होते. मुंबईहून सायकली आणावयाच्या, विकावयाच्या, आणि घेणाऱ्यास बसावयास शिकवावयाचे, असा तो धंदा.

दूरदृष्टीचा मनुष्य म्हणजे ज्याने पहिल्या दिवशीच आपली वाट आखून ठेविली तो, असा आपला एक समज असतो. येथे तसे काही दिसत नाही. चित्रकला गेली, शिक्षकी गेली, सायकलींचे दुकानही पुढे मागे पडले. वाट वारंवार बदलली. बदलला नाही तो यंत्राविषयीचा ध्यास, आणि ते यंत्र आपल्या लोकांच्या हाती जावे ही इच्छा. आधी कडबा कापण्याचे यंत्र झाले, आणि 1903 साली लोखंडी नांगर झाला.

श्रोत्यांपैकी ज्यांनी लाकडी नांगर धरला असेल, त्यांना निराळे सांगावयास नको. लाकडी नांगर जमीन चिरतो, पण उलथीत नाही. हराळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. वरून चिरले तर पावसाबरोबर पुन्हा उगवतात. लोखंडी नांगराच्या फाळामागे वळवलेला जो पत्रा असतो, तो मातीची वडी उचलून पालथी घालतो. खालची माती वर येते आणि मुळे उन्हात सुकून मरतात. काळ्या जमिनीत हा फरक दोन-तीन हंगामांत डोळ्यांना दिसतो. पण तो दिसण्यासाठी आधी कोणीतरी नांगर विकत घ्यावा लागतो, आणि घेणार कोण? लोखंड घातले की काळी आई विषारी होते, असा तेव्हाच्या शेतकऱ्यांचा समज होता. त्या समजुतीला आपण आज हसतो. मला मात्र त्यात हसण्यासारखे फारसे वाटत नाही. ज्याचे सारे वर्ष एका हंगामावर टांगलेले आहे, त्याने अनोळखी अवजार जमिनीत का घालावे? धोका त्याचा, आणि फायदा झाला तर तो पुढच्या वर्षी!

पहिला नांगर विकला जावयास जवळजवळ दोन वर्षे लागली.

ही दोन वर्षे आपण एका वाक्यात ओलांडतो. दोन वर्षे म्हणजे चोवीस महिन्यांचे पगार, चोवीस महिन्यांचे घरचे वाणसामान. त्याच 1903 साली लक्ष्मणरावांच्या घरी पुत्र शंतनुराव जन्मला होता. म्हणजे दुकानात न विकलेले नांगर आणि घरात तान्हे मूल. त्या काळात नांगर सोडून सहज खपणारी वस्तू धरा, असे त्यांना कोणीच सुचविले नसेल, हे मला शक्य वाटत नाही. बाहेरून माल आणून विकणे त्यांना येत होते. सायकलींत ते त्यांनी केलेच होते. तथापि नांगर सुटला नाही. मला वाटते, येथे हेतूचा प्रश्न येतो. ज्याला केवळ नफा हवा, त्याने न विकली जाणारी वस्तू टाकून द्यावी हेच शहाणपण. ज्याला जमीन नांगरली जावी असे वाटते, त्याला 'विकली जात नाही' हे वस्तू टाकण्याचे कारण होत नाही; ती समजावून देण्याचे काम अजून उरले आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

पुढे नांगर खपू लागले, तोच दुसरी अडचण आली. नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा सोडावी असे बेळगावच्या नगरपालिकेने कळविले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तेव्हा कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. माळावर निवडुंग आणि नाग. 1910 च्या मार्च महिन्यात तेथे वस्ती झाली. लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीचे होते, शंतनुराव सहा वर्षांचा. तेच आजचे सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी.

त्या वाडीच्या दोन गोष्टी मला कारखान्याच्या वाढीपेक्षा अधिक मोलाच्या वाटतात. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीचे पहारेकरी नेमले, आणि वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही असा दंडक घातला. यांतून त्या महिन्याच्या हिशेबात काय जमा झाले असेल? काहीच नाही. पण माणसावर टाकलेला विश्वास हा नांगरासारखाच असतो. त्याची माती उलथलेली दिसावयास हंगाम जावे लागतात. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी वितळवून नांगर करण्यासाठी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा दिल्या. गिऱ्हाइकांसाठी 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली, आणि त्या रोपाचे पुढे एक मासिक झाले, जे आपणांपैकी कित्येकांच्या घरी येत असे.

येथे एक शंका प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आपण ही कथा सांगतो, कारण नांगर शेवटी विकला गेला. ज्यांचा कधीच विकला गेला नाही, तेही कदाचित असेच चिकाटीचे असतील. त्यांच्या नावाने स्टेशन झाले नाही. धीर धरला की यश येतेच, असे मी पुतण्याला सांगू शकत नाही. शिवाय लक्ष्मणरावांच्या पाठीशी रामुअण्णांसारखा भाऊ होता, कर्ज देणारा राजा होता. एकट्याच्या बळावर दूरचा विचार करता येतो, ही कल्पना मला खोटी वाटते. कोणीतरी मधल्या काळात घर चालवावे लागते.

एवढे मात्र खरे की त्या नांगराला बारा महिन्यांची मर्यादा चालली नसती. ज्या शेतकऱ्याला लोखंडाची धास्ती होती, त्याच्या शेतात तेराव्या महिन्यात फाळ मोडता, तर तो एकटाच गिऱ्हाईक गेला नसता. बांधापलीकडची सारी गावे गेली असती. माझ्या आजोबांच्या घरी माळ्यावर असा एक नांगर मी लहानपणी पाहिला आहे. ट्रॅक्टर आल्यावर तो निवृत्त झाला होता, मोडून नव्हे.

हे सारे मी पुतण्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "काका, पण राजा कोठून आणू?" प्रश्न रास्त होता. मग आम्ही दोघांनी वही उघडली. चांगल्या लोखंडाचा दर किती पडतो, अकरा माणसांचे पगार किती महिने निघतील, भट्टी आठवड्यातून दोनच दिवस पेटविली तर काय वाचते, त्याच्या धाकट्या भावाच्या नोकरीतून घरखर्च किती दिवस चालेल, असे आकडे रात्री अकरापर्यंत मांडले. साडेचार महिने निघत होते.

दुसऱ्या दिवशी त्याने गिऱ्हाइकाला आपला खरा दर लिहून पाठविला, आणि खाली एक ओळ घातली की हमी तीन वर्षांची देईन. त्या पत्राचे उत्तर अद्याप आलेले नाही. मधल्या काळात गावातल्या दोन गिरणीवाल्यांचे लहानसे काम त्याच्याकडे आले आहे, आणि गुरुवारची भट्टी त्यासाठी पेटते.