टाच उठली की पंजा उठला पाहिजे



कमानिया गेट म्हणजे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचं स्मारक, हे जबलपूरकरांना सांगायला नको. अध्यक्ष सुभाषबाबू तापानं फणफणलेले. त्यांना स्ट्रेचरवरून मंडपात आणलं आणि त्यांचं भाषण शरदबाबूंनी वाचलं. त्याच कमानीखाली गेल्या दिवाळीत मी सपशेल आडवा झालो, म्हणून हे आठवलं.

माझ्या डाव्या पायाचा पंजा उचलला जात नाही. गुडघ्याजवळची नस दुखावली की असं होतं, फूट ड्रॉप म्हणतात. भाचीच्या मुलानं मला यंत्र करून दिलं: टाचेखाली दाब ओळखणारी चकती, नडगीवर कोन मोजणारा सेन्सर, एक सर्वो मोटर आणि हुकूम द्यायला रास्पबेरी पाय. टाच उठून नडगी पुढे झुकली, की मोटर पंजा वर ओढणार.

हिशेब सोपा आहे. पाऊल साधारण एक किलोचं, त्याचा भार घोट्यापासून दहा सेंटीमीटरवर. एवढा जोर छंदाच्या बाजारातली मोटर कशीबशी देते. खुर्चीतून उठताना गुडघ्याला याच्या तीस-चाळीस पट तरी लागतो. म्हणून ‘घरच्या घरी रोबोटिक पाय’ असले व्हिडिओ पाहून भुलू नका. कॉम्प्युटर स्वस्त झालाय, दमदार मोटर नाही.

व्हरांड्यात मी झकास चालत होतो. कमानीखाली मात्र गर्दी. दोन पावलं, थांबा, वळा, कुणाला वाट द्या. ही चाल आम्ही त्याला शिकवलीच नव्हती. कॉम्प्युटर अडकला, पंजा खाली असतानाच मोटर तिथे थिजली, आणि मी पडलो. तो पुन्हा सुरू होईपर्यंत एका दुकानदारानं मला उठवून स्टुलावर बसवलंसुद्धा. पोरगं रडवेलं झालं. मी म्हटलं, चूक माझी, कवायत मैदानावर झाली म्हणून कुणी मोहिमेवर निघतं का?

आता मोटरचं काम अर्डुइनोकडे आहे. त्याला दुसरं कामच नाही. अर्धा सेकंद सेन्सरची खबर आली नाही, तर मोटरची वीज तुटते. मोटर दोरीनं ओढते. दोरी सैल पडली तरी साधी स्प्रिंग पंजा निदान घासू देत नाही. बंदुकीला सेफ्टी असते, तसंच.

माझ्या पलटणीतला एक सुभेदार रोज फोन करतो, ‘साहेब, मला कधी?’ मी नाही म्हणतो. त्याचं हाड आधीच एकदा मोडलंय. तो रुसलाय.

उद्या पहाटे सहाला, दुकानं उघडायच्या आत, मी पुन्हा कमानीखालून जाणार आहे. पोरगं स्टूल घेऊन मागे असेल.