आपा, बडोदा आणि दंडाची पट्टी

मोरगाव म्हटलं की मयूरेश्वर आठवतो. पण बारामती तालुक्यातल्या याच मोरगावात १९१० साली अनुताई वाघ जन्मल्या, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. पुढं शिक्षिका झाल्या आणि १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आदिवासी मुलांत गेल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनंच त्यांच्या अंगणात जावं, म्हणून अंगणवाडी. हे काम उभं करून मग त्या बी.ए. झाल्या, तेव्हा पन्नाशी उलटली होती. मीही नुसता बी.ए., पण माझ्या पदवीनं कुणाचं वजन वाढलं नाही.

२ ऑक्टोबर १९७५ला सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला.

हे आठवायचं कारण माझी भाची. आपा, म्हणजे माझी थोरली बहीण, इंदापूरला असते. तिच्या लेकीला मानवविकास विषयात एम.एस्सी. करायला बडोद्याला जायचंय. हंसा मेहता कुलगुरू असताना तिथं गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली. आपा म्हणाली, “स्वयंपाक शिकायला बडोद्याला कशाला? मी शिकवते की!”

पोरगी मला म्हणाली, “मामू, तुम्ही तरी सांगा.”

मी काय सांगणार? चौकशी केली. गृहविज्ञानात नेट परीक्षा होते, पीएच.डी. होते, कॉलेजात शिकवता येतं. दवाखान्यात आहारतज्ज्ञ लागतात. बालविकास प्रकल्प अधिकारी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होतात. आपल्या शारदानगरला आहे तशा कृषी विज्ञान केंद्रांत गृहविज्ञानाच्या विषयतज्ज्ञाचं पद असतं. जागा थोड्या, स्पर्धा दांडगी, हेही आपाला सांगितलं. लपवून काय उपयोग?

मग एका रविवारी भाचीला प्रकल्पासाठी भवानीनगरच्या बाजूला ऊसतोड्यांच्या कोप्यांवर जायचं होतं. एकटी कशी पाठवायची, म्हणून आपा निघाली, आपाबरोबर मी. भाचीच्या पर्समध्ये एक रंगीत पट्टी होती. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती ती गुंडाळायची. साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आलं तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. एका बाईला मुलाचं वय विचारलं. म्हणाली, “मागल्या साली पट्टा पडला तवाचा.” कारखान्याच्या हंगामावर मोजलेलं वय! भाची म्हणाली, या पट्टीला नेमकं वय लागत नाही, म्हणून ती अशा ठिकाणी चालते.

पट्टी लाल निघाली.

भाचीनं गावातल्या अंगणवाडी सेविकेला फोन लावला. पोराला दवाखान्यात न्यायला हवं होतं. बाई म्हणाली, “खाडा पडला तर मुकादम पैसं कापतो. एक कोयता म्हंजी नवराबायको दोघं. मी गेले तर ह्यांचंबी काम थांबलं.” आपानं डब्यातली भाकरी काढली. भाचीनं ती आईच्या हातात दिली आणि सांगितलं, “ही तुम्ही खा. लेकराला आधी डॉक्टरांना दाखवू, त्याचं खाणं ते ठरवतील.” आपाला ते आवडलं नाही, हे मला दिसलं.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. उसाच्या हिरव्यागार तालुक्यांतून फिरताना हा आकडा डोळ्यांना पटत नाही. अन्न कुठं नाही, एवढंच शोधून भागत नाही. ते आहे तिथंही तोंडापर्यंत का जात नाही, आईला वेळ कुणी दिला, घरात आधी कोण जेवतं, हेही शास्त्रानं मोजावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सेविका स्वतः मुकादमाशी बोलली आणि मायलेकरं दवाखान्यात गेली. पुढं टोळी हलली. ते पोर आता कुठं आहे, आम्हाला माहीत नाही. भाची अजून त्याची चौकशी करते.

बडोद्याचा अर्ज आपाच्या कपाटात आहे, सही व्हायची आहे. परवा फोनवर तिनं विचारलं, “का रे, तिथल्या हॉस्टेलात जेवण कसं असतं?”