राखीव सैनिकाची फारखत



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना अभिवादन करून मी विषयाला आरंभ करतो. सैनिकाच्या भरतीविषयी आणि पराक्रमाविषयी आपण पुष्कळ बोलतो. तो प्रत्यक्ष सेवेतून राखीव यादीत जातो आणि पुढे त्या यादीतूनही मोकळा होतो, या दोन पायऱ्यांचा विचार मात्र क्वचितच होतो. आज त्यांविषयी बोलावे असे मी योजिले आहे.

उज्जैनच्या श्रोत्यांना ही कल्पना परकी वाटू नये. राणोजी शिंद्यांनी ज्या काळात येथे ठाणे बसविले, त्या काळी शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई; बारगिराला घोडा सरकारातून मिळे. दसऱ्याला सीमोल्लंघन करावे, मोहीम संपली की घर आणि शेत पाहावे, असा अनेकांचा क्रम होता. म्हणजे तो घरी असतानाही फौजेचाच असे. पुढे महादजी शिंद्यांनी १७८४ साली द बॉयन या सेनानीस चाकरीत घेऊन कवायती पलटणी उभारल्या, आणि बारमाही पगारी शिपायाचे महत्त्व वाढले.

इंग्रजी अमलात १८८८ च्या राखीव दलविषयक कायद्याने या गोष्टीला लेखी रूप आले. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे जवान काही वर्षे प्रत्यक्ष सेवा करी आणि उरलेली वर्षे राखीव यादीत असे. दोन्ही मिळून किमान १५ वर्षे भरली, की ठरलेल्या अटींनुसार त्यास राखीव सैनिकाचे निवृत्तिवेतन मिळू शके. राखीव यादीतील नाव म्हणजे हाक येईल तेव्हा जाण्याचे बंधन, आणि त्याचबरोबर म्हातारपणाचा आधारही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

हा आधार किती नाजूक असतो, हे नौदलाच्या उदाहरणावरून दिसते. काही नाविकांची भरती दहा वर्षे प्रत्यक्ष सेवा आणि गरज भासल्यास पुढे दहा वर्षे राखीव ताफा, अशा अटीवर झाली होती. ३ जुलै १९७६ च्या आदेशाने राखीव ताफ्यात घेणे बंद झाले. दहा वर्षे संपताच ते घरी गेले. यादीत नाव नाही, म्हणून राखीव निवृत्तिवेतनही नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, राखीव ताफ्यात जाणे हा नाविकाचा आपोआप मिळणारा हक्क नव्हे. मात्र त्या धोरणामुळे सेवामुक्त झालेल्यांना विशेष निवृत्तिवेतनाचा मार्ग न्यायालयाने मोकळा केला. आदेश निघाला तेव्हा तरुण असलेले लोक तोवर वृद्ध झाले होते. गरज भासल्यास या दोन शब्दांचा अर्थ ठरायला चाळीस वर्षे लागली!

प्रादेशिक सेनेचे उद्घाटन १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते झाले. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत तिला पाचारण झाले. नागरिकाने आपला धंदा सांभाळून ठराविक दिवस शिक्षण घ्यावे आणि संकटकाळी गणवेश चढवावा, ही तिची रीत. निवृत्तिवेतनासाठी तिच्यात प्रत्यक्ष बोलावणीवर काढलेला काळच मोजला जातो. यादीत नाव ठेवून घरी काढलेली वर्षे धरली जात नाहीत. २०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत तर चार वर्षांनंतर जास्तीत जास्त एक चतुर्थांश तरुण नियमित सेवेत घ्यावेत असे ठरले. उरलेल्यांना एकरकमी निधी मिळतो, निवृत्तिवेतन नाही.

मराठी दप्तरात फारखत नावाचा एक कागद असे. देणेघेणे पुरे झाले, आता एकमेकांवर दावा नाही, असे त्यात लिहून दिले जाई. सैनिकाच्या बाबतीत राज्याने असाच स्वच्छ कागद दिला पाहिजे: तुझ्यावर बंधन अजून आहे की नाही, असल्यास कोठवर, आणि त्याबदली तुला काय मिळेल. जो अर्ध्या शब्दावर बांधलेला असतो, त्याला ना धड नोकरी शोधता येते, ना धड निवृत्ती भोगता येते.

आपल्या घरातील जे तरुण सैन्यात जात असतील, त्यांना एवढेच सांगावे: भरतीचा कागद जितक्या उत्साहाने वाचता, तितक्याच काळजीने सुटकेचाही वाचा, आणि दोन्ही जपून ठेवा. ज्याने हाकेला ओ दिली, त्याला निरोपही नीट मिळावा, हे पाहणे आपणा साऱ्यांचे काम आहे.