अठरा वर्षे पुरी झाल्यावर

श्रोतेहो, मूल अठरा वर्षांचे झाले, की पोर हाताशी आले म्हणून आईबाप निःश्वास टाकतात. पण काही घरे अशी आहेत, की तिथे अठरावे वर्ष जवळ आले म्हणजे पोटात गोळा येतो. ज्या मुलाच्या बुद्धीची वाढ वयाच्या मानाने मागे राहिली आहे, त्याची शाळा तिथे संपते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पण एकोणिसाव्या वर्षी सकाळी दहा वाजता त्याने जायचे कुठे? हे कोडे बहुतेक घरांत एकट्या आईलाच सोडवावे लागते.

अशांना पूर्वी सरसकट ‘मतिमंद’ म्हणत. आता ‘बौद्धिक अक्षमता’ हा शब्द आला. शब्द बदलला हे बरेच झाले. पण नुसत्या शब्दाने दिवस सरत नाही. घरी बसलेल्या मुलाचे काय होते ते पाहा. उशिरा उठायचे, खायचे, नाहीतर टीव्हीपुढे बसायचे. अंग सुटते. शाळेत मोठ्या कष्टाने शिकलेल्या गोष्टी, म्हणजे पैसे ओळखणे, रस्ता ओलांडणे, तो हळूहळू विसरतो, कारण त्यांचे काम पडत नाही. मग चिडचीड सुरू होते आणि शेजारी म्हणतात, “बिघडला हो!” तो बिघडलेला नसतो, रिकामा राहिलेला असतो. आणि रिकामपण तुम्हाआम्हाला तरी कुठे मानवते?

यावरचा उपाय म्हणजे मोठ्या मुलांची कार्यशाळा. सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी घरी परतायचे. हा विचार आपल्याकडे नवा नाही. मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी १९४४ साली ‘जय वकील’ शाळा सुरू केली. पुण्यात १९६४ साली ‘कामायनी’ निघाली. मुले मोठी झाली, तशी शाळांना जोडून कार्यशाळाही आल्या.

आता कुणी विचारील, यांना काम जमते का? जमते, मात्र कामाचे तुकडे पाडावे लागतात. दिवाळीच्या पणत्याच घ्या. एकाने पणती पुसायची, दुसऱ्याने रंगाचा हात द्यायचा, तिसऱ्याने ठिपके काढायचे, चौथ्याने खोक्यात भरायच्या. ज्याला मोजता येत नाही, त्याच्यापुढे बारा खळग्यांची फळी ठेवायची. खळगे भरले, की डझन झाला! मोजणी त्याच्या डोक्यात नसली तर फळीत असू द्यावी. कागदी पिशव्या, वाती, राख्या, सगळ्यांना हीच युक्ती.

पण कार्यशाळा म्हणजे कारखाना नव्हे. तिथे व्यायाम हवा, बाजारहाट हवी, आपला चहा आपण करणे हवे. ज्याला हातात घास धरायलाही मदत लागते, त्यालाही तिथे जागा हवी. आणि पस्तिशीच्या माणसाला ‘बाळ’ म्हणून बडबडगीते म्हणायला लावू नयेत. त्याला नावाने हाक मारावी, काय आवडते ते विचारावे आणि केलेल्या कामाचे पैसे, थोडे का होईनात, त्याच्याच हातात द्यावेत. त्या नोटांनी घरातली त्याची जागा बदलते.

दुसरी गोष्ट आईची. ते पाचसहा तास तिला मिळाले, तर ती दवाखान्यात जाईल, नोकरी करील, नाहीतर स्वस्थ पडेल. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली दहा वर्षांवरील व्यक्तींना दिवसा सांभाळण्याची ‘विकास’ नावाची योजना आखली गेली, ती याच गरजेतून.

तिसरी गोष्ट अवघड आहे. डाउन सिंड्रोम असलेल्यांचे सरासरी आयुष्य अमेरिकेत १९८३ च्या सुमारास पंचवीस वर्षांचे होते. आता ते साठीच्या घरात गेले आहे. म्हणजे ही मुले आता आईबापांच्या मागेही राहणार. “आमच्यामागं याचं कसं व्हायचं?” हा प्रश्न प्रत्येक पालकाच्या ओठांवर असतो. कार्यशाळा त्याचे पुरते उत्तर नव्हे. पण सुरुवात तिथेच होते. आईवाचून जेवणे, परक्या माणसाचे ऐकणे, आपल्याला काय हवे ते सांगणे, हे तो रोज थोडेथोडे शिकतो. ज्याने वीस वर्षे आईखेरीज कुणाचा हात धरला नाही, त्याला एकाएकी परक्या दारी सोडणे फार क्रूर होते.

श्रोतेहो, तुमच्या गावात अशी कार्यशाळा असेल, तर एकदा आत जाऊन पाहा. माल चांगला असेल तर घ्या. दया म्हणून घेऊ नका. पणत्या हव्या असतील, तर श्रावणातच मागणी नोंदवा, कारण तिथले हात सावकाश चालतात. आणि कार्यशाळा नसेल, तर गावातल्या पालकांना एकत्र बसवा. दुपारी मोकळे असणारे एखादे सभागृह, एक शिकलेला शिक्षक, पाचसहा मुले एवढ्यावरही आरंभ करता येतो.